चोरलेल्या गाडीतला रेडिओ

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी अमेरिकन साहित्य शिकवतो. गेल्या वर्षी ब्लॅक पँथर पक्षाविषयी बोलताना मी फळ्यावर 'ओकलंड, १९६६' असे लिहिले, ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांची नावे सांगितली आणि सवयीप्रमाणे मुंबईतल्या १९७२ च्या दलित पँथरकडे वळलो. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, सॅन अँड्रियासमध्ये रेडिओवर जो बोलतो, तो पण पँथरवालाच ना?" वर्ग हसला. मला हसता आले नाही. हा प्रश्न मला पंधराव्या वर्षी पडायला हवा होता, आणि तो पडला नव्हता.

या नियतकालिकाच्या अनेक वाचकांना हा खेळ ठाऊक नसेल. ज्यांना ठाऊक असेल ते चारचौघांत कबूल करणार नाहीत. म्हणून आधी थोडी माहिती देणे भाग आहे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास' हा व्हिडिओ गेम २००४ च्या ऑक्टोबरात बाजारात आला आणि संगणकावर तो २००५ मध्ये पोचला. त्याच्या अडीच कोटींहून अधिक प्रती खपल्या. आपल्याकडच्या गल्लीबोळांत फिरलेल्या चोरट्या सीडींची मोजदाद यात नाही. खेळाचा काळ १९९२ चा आहे. स्थळ लॉस सँटोस नावाचे काल्पनिक शहर, म्हणजे उघडउघड लॉस एंजेलिस. नायक कार्ल जॉन्सन हा काळा तरुण आईच्या अंत्यविधीसाठी गावी परततो. विमानतळावरून निघताच गोरा-काळा मिश्र पोलीस ताफा त्याला अडवतो, त्याचे पैसे काढून घेतो आणि एका पोलिसाच्या खुनात अडकवण्याची धमकी देऊन भलत्याच वस्तीत सोडून देतो. त्यापुढे टोळ्या, बंदुका, पळापळ. खेळणाऱ्याने रस्त्यावरची कोणतीही गाडी थांबवावी, चालकाला बाहेर ओढावे आणि गाडी घेऊन निघावे. गाडीत बसले की रेडिओ लागतो, उतरले की बंद होतो.

या रेडिओवर ११ केंद्रे आहेत. ग्रामीण गोऱ्यांचे कंट्री संगीत, जमैकाचे रेगे, रॉक, आणि नुसत्या गप्पांचे व बातम्यांचे एक केंद्र. हिप-हॉपची केंद्रे दोन. त्यांतले 'रेडिओ लॉस सँटोस' पश्चिम किनाऱ्याची, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या टोळीवस्त्यांची गाणी लावते. दुसरे 'प्लेबॅक एफएम'. त्यावर बारा गाणी आहेत. बहुतेक ऐंशीच्या दशकातली आणि बहुतेक न्यूयॉर्ककडची. माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न या दुसऱ्या केंद्राविषयी होता.

२००६ साली मी दहावीत होतो. वडील मोंढ्यात हमाली करत. आमच्या तालुक्याच्या गावी बस स्टँडमागे एक सायबर कॅफे होता. ताशी दहा रुपये. आम्ही तिघे मिळून पैसे काढायचो आणि एका खुर्चीवर आळीपाळीने बसायचो. कानाला लावायचा हेडफोन एकच, त्याचीही एकच बाजू चालायची. खेळणाऱ्याला चित्र मिळे आणि शेजारच्याला आवाज. माझ्या वाट्याला बऱ्याचदा आवाजच आला. इंग्रजी कळत नव्हते. तरीही गाण्यांच्या मधे एक माणूस जड, खोल, जरा खडसावणाऱ्या आवाजात बोले, तो लक्षात राहिला. असा आवाज मी तोवर फक्त चौदा एप्रिलच्या सभेत ऐकला होता.

त्याच कॅफेत गावातल्या वरच्या आळीची मुलेही येत. खेळातला कार्ल जॉन्सन, त्याचे लाडके नाव 'सीजे', हा पडद्यावर काळा. मी खुर्चीवर बसलो की ती मुले म्हणत, "बघ, सीजे सीजेला खेळवतोय." शाळेतही मला ते नाव पडले. त्यात लाड नव्हता. मला मात्र, आज लिहायला संकोच वाटतो तरी, त्या नावाचा पुरता राग कधी आला नाही. पडद्यावर ज्याला मी उजवीकडे म्हटले की उजवीकडे जातो आणि कुणापुढे वाकत नाही, असा माझ्या रंगाचा नायक मी दुसरीकडे कुठे पाहिला होता? सिनेमात नाही, धड्यातही नाही. हा एकच होता, आणि तो दरोडेखोर होता.

तो जड आवाज कोणाचा, हे मला पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात कळले. खेळात त्या निवेदकाचे नाव 'फोर्थ राइट एमसी', म्हणजे सडेतोड बोलणारा असा शब्दखेळ. आवाज 'पब्लिक एनिमी' या गटाचा प्रमुख चक डी याचा. त्याचे मूळ नाव कार्लटन रायडनआवर, जन्म १९६० चा. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर तो वाढला आणि ॲडेल्फी विद्यापीठात त्याने आरेखनकलेचे शिक्षण घेतले. विद्यापीठाच्या डब्ल्यूबीएयू या केंद्रावर तो रेडिओचा कार्यक्रम करत असे. त्याचे सुरुवातीचे महत्त्वाचे गाणे 'पब्लिक एनिमी नंबर वन' हे त्या केंद्राच्या प्रसिद्धीच्या ध्वनिफितीतून निघाले. म्हणजे हा माणूस रेडिओतूनच घडला. काळ्यांच्या वस्तीत काय चालले आहे ते ना वर्तमानपत्र सांगते ना दूरचित्रवाणी, ते रॅप सांगते, या अर्थाने रॅपला काळ्यांची वृत्तवाहिनी म्हणण्याची त्याची उपमा जगभर गाजली. हे वाचताना मला आंबेडकरी जलशांची आठवण झाली. ज्यांच्याकडे छापखाना नसतो त्यांची बातमी गळ्यातून जाते.

याच माणसाचे रेडिओशी भांडणही जुने आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतली अनेक केंद्रे, त्यांत काळ्यांची म्हणवणारी केंद्रेही होती, दिवसाच्या वेळी रॅप लावायला नाखूश असत. जाहिरातदार बिथरतील, नोकरदार श्रोते पळतील, हे त्यांचे कारण. काळ्यांमधल्या स्थिरावलेल्या मध्यमवर्गाला आपल्याच वस्तीतल्या पोरांच्या भाषेची लाज वाटत होती. या लाजेचे आपण वेगळे वर्णन करायला नको. नोकरी लागल्यावर वस्तीतून बाहेर पडलेल्या आपल्या माणसांना ती ओळखीची आहे, मलाही आहे. १९९१ च्या संग्रहात पब्लिक एनिमीने रेडिओच्या सल्लागारांना ठार कसे करावे अशा अर्थाच्या शीर्षकाचे एक गाणेच दिले. हाच कवी १३ वर्षांनी एका खेळातल्या खोट्या रेडिओचा निवेदक झाला. त्याच वर्षी, २००४ मध्ये, तो 'एअर अमेरिका' या खऱ्या राजकीय रेडिओवरही रोजच्या कार्यक्रमाचा सहनिवेदक होता. खऱ्या रेडिओवर त्याने राजकारण बोलायचे आणि खोट्या रेडिओवर गाणी लावायची, अशी ही वाटणी होती. आयुष्य किती जणांना अशा वाटण्या करायला लावते!

चक डीने आपल्या गटाचे बोधचिन्ह स्वतः काढले होते. बंदुकीच्या नेमवर्तुळात उभा असलेला एक काळा माणूस, असे ते चित्र आहे. अमेरिकेतला काळा पुरुष जन्मतःच कुणाच्या तरी नेमाखाली असतो, हा त्याचा आशय. आता सायबर कॅफेतला पडदा आठवा. खेळणाऱ्याने बंदूक उचलली की पडद्यावर नेमचिन्ह उमटते आणि त्यात जो सापडतो तो पुष्कळदा काळाच असतो, कारण वस्तीच काळ्यांची. चित्र तेच, फक्त बंदुकीमागचा डोळा आता आमचा. गाडीत ज्याचा आवाज ऐकायचा, त्याच्या आयुष्यभराच्या चित्राला गाडीतून उतरून उलटे करायचे, हे आम्ही तासाला दहा रुपये मोजून करत होतो.

प्लेबॅक एफएमवर पब्लिक एनिमीचे एकच गाणे आहे, 'रिबेल विदाउट अ पॉज', १९८७ चे. त्यात ओघात एक नाव येते : चेसिमार्ड. कवी स्वतःला तिचा पाठीराखा म्हणवतो. जोॲन चेसिमार्ड म्हणजे असाटा शकूर. ती ब्लॅक पँथर पक्षात होती, पुढे ब्लॅक लिबरेशन आर्मीत गेली. न्यू जर्सीतल्या एका पोलिसाच्या मृत्यूच्या खटल्यात १९७७ मध्ये तिला जन्मठेप झाली. १९७९ मध्ये ती तुरुंगातून निसटली, पुढे क्यूबात आश्रयाला राहिली आणि २०२५ मध्ये तिथेच वारली. अमेरिकन सरकारने तिच्या डोक्यावर बक्षीस लावले होते. त्या गाण्यातले हे नाव मी हेडफोनच्या चालत्या बाजूतून शेकडो वेळा ऐकले असेल. मराठवाड्यातल्या एका बस स्टँडमागे, ज्या वस्तीत ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही नावे घराघरांत माहीत, तिथे मूळ पँथर पक्षातली एक बाई माझ्या कानापर्यंत पोचली होती आणि मला तिची ओळख पटली नव्हती. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांनी दिलेल्या निवेदनाची प्रत मागवली होती. त्या वेळी टपाल एका समुद्रापलीकडून दुसऱ्या समुद्रापलीकडे जात होते आणि वाचलेही जात होते. आमच्या वेळी टपाल कानात पडत होते, वाचणारा नव्हता.

आता या गाण्यांच्या घडणीविषयी बोलायला हवे, कारण माझ्या मते प्लेबॅक एफएमचे खरे महत्त्व तिथे आहे. हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ चा मानतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत, सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमवायला नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला होता. तबकड्या लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. हे कुटुंब जमैकाहून आलेले. हर्कच्या ध्यानात आले होते की नाचणारे गाण्याच्या एका विशिष्ट जागेची वाट पाहतात : जिथे गळा थांबतो आणि नुसता ढोल उरतो, त्या जागेची. त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तुकडा आळीपाळीने फिरवत लांबवला. वाद्य विकत घ्यायला पैसे नाहीत आणि शाळेतले संगीताचे वर्ग पैशांअभावी बंद पडत चाललेले. अशा पोरांनी बापाच्या कपाटातल्या तबकडीचेच वाद्य केले. पुढे यंत्रे आली आणि हा तुकडा उचलण्याला 'सॅम्पल' हा शब्द रूढ झाला.

सॅन अँड्रियासच्या निर्मात्यांनी एक गोष्ट जाणतेपणाने केली आहे, आणि तिचे श्रेय त्यांना द्यावे लागेल. खेळात 'मास्टर साउंड्स ९८.३' नावाचे आणखी एक केंद्र आहे. त्यावर सत्तरीच्या आसपासचे काळ्यांचे फंक संगीत वाजते. आता दोन केंद्रांच्या मधे काटा फिरवा. मास्टर साउंड्सवर जे.बी.ज् या वादकगटाचे १९७० चे 'द ग्रंट' लागते. त्यातली सॅक्सोफोनची किंकाळी उचलूनच पब्लिक एनिमीचे ते गाणे उभे आहे. इथे बॉबी बर्डचे १९७१ चे 'आय नो यू गॉट सोल' आणि तिथे त्याच नावाचे एरिक बी. व रकीम यांचे १९८७ चे. इथे लिन कॉलिन्सचे 'थिंक' आणि तिथे रॉब बेसचे 'इट टेक्स टू'. एका केंद्रावर बाप आणि दुसऱ्यावर मुले. कॅफेतल्या मुलाला ही वंशावळ कुणी सांगितली नाही, पण ती तिथे मांडून ठेवलेली होती. खेळाच्या यंत्रणेतही तीच रीत आहे. याआधीच्या 'व्हाइस सिटी'त प्रत्येक केंद्र म्हणजे एक लांबलचक सलग ध्वनिफीत होती, ती फिरून फिरून तशीच वाजे. सॅन अँड्रियासमध्ये गाण्याची सुरुवात, मधला भाग, शेवट आणि निवेदकाची वाक्ये वेगवेगळी साठवली आहेत आणि यंत्र ती दर वेळी नव्याने जुळवते. म्हणजे चक डीचे बोलणेही तिथे तुकड्यांनी उचललेले आणि जोडलेले आहे.

तुकडे उचलण्याचा हा कारभार कायद्याच्या डोळ्यांत खुपणे अपरिहार्य होते. बिझ मार्की याचे 'द व्हेपर्स' हे मिस्कील गाणे प्लेबॅक एफएमवर आहे. काल फटकून वागणारे लोक आज नाव झाल्यावर कसे गोळा होतात, हा त्याचा विषय. या बिझ मार्कीनेच दुसऱ्या एका गाण्यासाठी गिल्बर्ट ओ'सलिव्हन या गोऱ्या गायकाच्या गाण्याचा तुकडा परवानगीविना घेतला. १९९१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. न्यायाधीशांनी निकालपत्राचा आरंभच चोरी न करण्याच्या बायबलमधल्या आज्ञेने केला आणि फौजदारी कारवाईचा विचार व्हावा असेही सुचवले. या निकालानंतर प्रत्येक तुकड्यासाठी आधी परवाना, आधी पैसे. एकेका गाण्यात कितीतरी तुकड्यांचे थर रचणारी पब्लिक एनिमीची पद्धत त्यानंतर परवडेनाशी झाली. खेळ घडतो तो १९९२ मध्ये, म्हणजे या निकालानंतर काही महिन्यांनी. प्लेबॅक एफएमवर आपण जे ऐकतो ते बहुतेक दार बंद होण्याच्या आधीचे संगीत आहे.

पण चळवळीच्या माणसाने इथे घाईने टाळी वाजवू नये. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर' या गाण्यात ज्याचा ढोल आहे तो क्लाइड स्टबलफिल्ड. 'रिबेल विदाउट अ पॉज'सह शेकडो गाण्यांत त्याचे ते काही सेकंद वापरले गेले. गाण्याचा रचनाकार म्हणून त्याचे नाव कुठेच नव्हते, त्यामुळे मानधनाचा हक्क त्याला कधी मिळाला नाही. २०१७ मध्ये तो वारला. त्याला आधी जेम्स ब्राउनच्या व्यवस्थेने डावलले, मग बंडखोर पोरांनीही विचारले नाही, आणि शेवटी कायद्याने जे संरक्षण दिले ते तबकडीच्या मालकाला दिले, ढोल वाजवणाऱ्या हातांना नाही. हाताने काम करणाऱ्याचे नाव वहीत नसते. हमालाच्या मुलाला हे समजायला अमेरिकेला जावे लागत नाही.

बारा गाण्यांत माझ्या मनावर सर्वांत खोल घाव घातला तो स्लिक रिकच्या 'चिल्ड्रन्स स्टोरी'ने. आणि तो घावही उशिरा, शब्द समजू लागल्यावर. काका पोरांना झोपताना गोष्ट सांगतो, असा त्याचा थाट. गोष्टीतला मुलगा वाईट संगतीने लुटालूट करू लागतो, पोलीस मागे लागतात, तो गाडी पळवतो, गाडी आपटते, आणि शेवटी पोलिसांच्या गोळ्यांनी त्याचा अंत होतो. सांगण्याची लकब खेळकर आणि गोष्ट अशी. आता कल्पना करा की खेळणाऱ्याने नुकतेच एक दुकान लुटले आहे, चोरलेली गाडी तो भरधाव पळवतो आहे, मागे भोंगे वाजत आहेत, आणि नेमके हे गाणे लागले आहे. गोष्टीतला मुलगा मरतो. खेळातला सीजे मेला तरी पुन्हा इस्पितळाच्या दारात उभा राहतो, फक्त थोडे पैसे कापले जातात. गाणे आणि खेळ यांच्यातला हा फरक एवढा मोठा आहे की मला वाटते, त्यापुढे खेळाविषयीची इतर नैतिक चर्चा दुय्यम ठरावी.

खेळाने इतिहासाला हात घातला आहे तोही असाच अर्धा. ३ मार्च १९९१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग या काळ्या माणसाला पोलिसांनी रस्त्यावर बदडले, ते चित्रित झाले आणि जगाने पाहिले. २९ एप्रिल १९९२ रोजी त्या पोलिसांना दोषमुक्त करणारा निकाल आला. शहर पेटले, साठाहून अधिक माणसे मेली. खेळाच्या शेवटी भ्रष्ट पोलीस अधिकारी टेनपेनी न्यायालयातून सुटतो आणि लॉस सँटोस पेटते, हे त्याचेच सावट. या टेनपेनीला आवाज दिला आहे सॅम्युअल एल. जॅक्सन या काळ्या नटाने, म्हणजे छळणारा हातही काळा दाखवला. हे सत्याला सोडून आहे असे नाही. व्यवस्था आपले काम आपल्याच माणसाकडून करून घेते. पण रॉडनी किंगच्या प्रकरणात खटल्यातले पोलीस काळे नव्हते, आणि हा बदल खेळाच्या गोऱ्या ग्राहकाला सोयीचा पडला असणार, असे मला वाटल्यावाचून राहत नाही.

खऱ्या लॉस एंजेलिसमध्ये १९९२ साली असे केंद्र ऐकू येत होते का? नव्हते. त्या शहरात केडीएवाय नावाचे केंद्र होते, १५८० एएमवर. १९८३ पासून ग्रेग मॅक यांच्या देखरेखीखाली ते हिप-हॉपकडे वळले आणि दिवसभर रॅप लावणारे देशातले पहिले केंद्र म्हणून त्याचे नाव झाले. १९८६ मध्ये लाँग बीचच्या एका संगीत कार्यक्रमात टोळ्यांची मारामारी झाली तेव्हा या केंद्राने दूरध्वनी खुले करून टोळ्यांतल्या पोरांना बोलते केले आणि एका दिवसाच्या शांततेची हाक दिली. १९९१ मध्ये केंद्र विकले गेले आणि रॅप गेले. म्हणजे खेळात ज्या वर्षी रेडिओ दणदणतो आहे, त्या वर्षी खऱ्या वस्तीतला रेडिओ गप्प झालेला होता. 'रेडिओ लॉस सँटोस'चा निवेदक ज्युलिओ जी हा याच केडीएवायवर तबकड्या फिरवणारा तरुण होता. पुढे १९९६ च्या दूरसंचार कायद्याने देशभरात कुणी किती केंद्रे बाळगावीत याची मर्यादा काढली आणि एकेका कंपनीकडे शेकडो केंद्रे गेली. आपल्या मनाची गाणी लावून खडसावणारा निवेदक खऱ्या रेडिओवर दुर्मीळ झाला, आणि खोट्या रेडिओवर तो जतन झाला.

जतन केले कुणी, हाही प्रश्न आहे. खेळ घडवला स्कॉटलंडमधल्या एडिंबरो येथील रॉकस्टार नॉर्थने. मालकी न्यूयॉर्कच्या मोठ्या कंपनीची. लेखकांत डीजे पूह हा लॉस एंजेलिसचा काळा संगीतकार आहे आणि नायकाचा आवाज यंग मेले या तिथल्याच रॅपरचा. म्हणून वस्तीचा बाज खोटा वाटत नाही. पण वस्तू कंपनीची. २०१४ मध्ये खेळ नव्याने आला तेव्हा काही गाण्यांचे परवाने संपले होते. 'रेडिओ लॉस सँटोस'वरचे एन.डब्ल्यू.ए.चे 'एक्सप्रेस युवरसेल्फ', मोकळे बोला असे सांगणारे गाणे, त्यातून काढले गेले. परवाना संपला की विद्रोहही संपतो!

आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते आहेत. त्यांना मी हे सगळे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "सर, तुम्ही नशेच्या बाटलीवरचं लेबल वाचत बसलात." त्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही. या खेळाने काळ्या पुरुषाची जी प्रतिमा जगभरच्या कोट्यवधी मुलांच्या हाती दिली, ती गोऱ्या अमेरिकेच्या जुन्या भीतीशी तंतोतंत जुळते. पब्लिक एनिमीही धुतल्या तांदळासारखे नाहीत. १९८९ मध्ये त्यांच्या प्रोफेसर ग्रिफने ज्यूंविषयी द्वेषाची भाषा वापरली आणि गटाने त्या प्रकरणात आधी टाळाटाळच केली. ज्याला एका जमातीचा अपमान झोंबतो त्याने दुसरीचा करावा, याला कोणताही खुलासा पुरत नाही. तरीही त्या कार्यकर्त्यांना मी एवढे म्हटले, की दादा, बाटली आमच्या हातात आधीच होती. लेबल वाचायला मात्र कुणी शिकवले नाही.

म्हणून त्या प्रश्नानंतरच्या आठवड्यात मी वर्गात बारापैकी तीन गाणी लावली. महाविद्यालयाचा ध्वनिक्षेपक घरघरत होता. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी असाटा शकूरविषयी पाच मिनिटे बोलायला लावले. तो वाचून आला होता आणि माझ्यापेक्षा नीट बोलला. मग 'इट टेक्स टू' लागले. पुढच्या बाकावरची एक मुलगी, एरवी वर्गात न बोलणारी, म्हणाली, "सर, यात मधूनमधून बाई ओरडते, तिचं नाव काय? तुम्ही सांगितलेल्या नावांत बाई एकही नाही."

खरेच नव्हती. बारा गाण्यांवर नाव असलेला प्रत्येक कलावंत पुरुष आहे. त्या काळात रोक्सॅन शांते होती, एमसी लाइट होती, क्वीन लतिफा होती. प्लेबॅक एफएमवर त्यांतली एकही नाही, आणि इतकी वर्षे ऐकूनही हे माझ्या ध्यानात आले नव्हते. त्या केंद्रावर ठळकपणे ऐकू येणारा बाईचा आवाज एकच, आणि तोही उचललेला. मी फळ्यावर लिहिले : लिन कॉलिन्स, 'थिंक', १९७२. मुलीने ते वहीत उतरवून घेतले आणि विचारले, "त्या गाण्याचे पैसे तिला मिळाले का?" मी तिला पुढच्या तासाला स्टबलफिल्डविषयी सांगेन म्हणालो. तोवर घंटा झाली होती.